एका गुडघ्याचे पाच हिशोब

पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत ऑस्ट्रियन अभियंते कार्ल टर्झागी इस्तंबूलच्या रॉबर्ट कॉलेजात शिकवत होते आणि एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नामागे लागले होते. ओल्या चिकणमातीवर इमारत उभी केली, तर ती लगेच खचत नाही. महिने जातात, कधी वर्षं जातात आणि मग हळूहळू बसते. हे असं का व्हावं? उत्तर मातीतल्या पाण्यात होतं. इमारतीचं ओझं सुरुवातीला मातीच्या कणांवर येतच नाही, कणांमधल्या पाण्यावर येतं. बारीक फटींतून पाणी जसजसं निसटतं, तसतसं ओझं कणांच्या सांगाड्याकडे सरकतं. टर्झागींचा यावरचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला आणि मृदायांत्रिकी हे शास्त्र उभं राहिलं. त्याच वर्षी आल्फ्रेड बेनिंगहॉफ या जर्मन शरीररचनातज्ज्ञांनी सांध्यांतल्या कूर्चेवर लिहिलं. कूर्चेतले तंतू हाडातून सरळ वर येतात, पृष्ठभागाजवळ कमानीसारखे वळतात आणि पुन्हा खाली उतरतात, असं त्यांनी दाखवलं. दोघांचं लेखन जर्मन भाषेत आणि एकाच वर्षातलं. पण या दोन कामांची गाठ पडायला पुढे अर्धं शतक उलटून जावं लागलं. ती पडली सांध्याच्या कूर्चेत.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर ‘गादी झिजली’, ‘वंगण संपलं’ अशी जी चर्चा चालते, ती या कूर्चेविषयी असते. मांडीच्या हाडाचं खालचं टोक, नडगीच्या हाडाचा माथा आणि गुडघ्याच्या वाटीची आतली बाजू यांवर तिचा पांढरट, गुळगुळीत थर असतो. जाडी बहुतेक ठिकाणी २ ते ४ मिलीमीटर. वाटीमागे ती आणखी जाड असते. शरीरातली सर्वांत जाड कूर्चा तिथेच सापडते. तिच्या वजनातला ६५ ते ८० टक्के भाग निव्वळ पाण्याचा. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजेनचे तंतू आणि त्यांच्या जाळ्यात अडकलेले प्रोटिओग्लायकन नावाचे अवाढव्य रेणू. या रेणूंवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते पाणी खेचून फुगू पाहतात आणि कोलॅजेन त्यांना आवरून धरतं. पेशी अगदी थोड्या. रक्तवाहिनी नाही, चेतातंतूही नाही. म्हणून झीज सुरू झाली तरी कूर्चा स्वतः तक्रार करत नाही. दुखायला लागतं तोवर प्रकरण हाडापर्यंत किंवा सांध्याच्या अस्तरापर्यंत पोचलेलं असतं. एकदा गेलेली कूर्चा परत भरून येत नाही, हे विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. पावणेतीनशे वर्षांत त्यात फारसा बदल करावा लागलेला नाही.

मग ही एवढीशी गादी तग धरते तरी कशी? कोडं आकड्यांत मांडलं की जास्त बोचतं. कूर्चेचा तुकडा प्रयोगशाळेत अगदी सावकाश दाबला, पाण्याला निघून जायला भरपूर वेळ दिला, तर तिच्या घन भागाचा ताठपणा साधारण अर्धा ते एक मेगापास्कल भरतो, म्हणजे मऊ रबरासारखा. प्रत्यक्ष सांध्यात मात्र तिच्यावर काही मेगापास्कलचा दाब वारंवार येतो. नुसत्या घन सांगाड्याच्या भरवशावर ती पहिल्याच पायरीला चेपून सपाट व्हायला हवी. होत नाही, कारण ओझं बरंचसं पाणी उचलतं. केंब्रिजमध्ये काम करणारे चार्ल्स मकचन यांनी १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये सांध्याला पाझरणाऱ्या स्पंजाची उपमा दिली होती. पण उपमेवरून आकडेमोड होत नाही.

ती शक्य झाली १९८० मध्ये. व्हॅन मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कूर्चेला ‘द्विप्रावस्था’ पदार्थ मानणारा सिद्धांत प्रसिद्ध केला. एकाच जागेत दोन पदार्थ: सच्छिद्र घन सांगाडा आणि त्यातून वाहणारा द्रव. दोघांची समीकरणं वेगळी, पण एकमेकांत गुंतलेली. हे गणित मिश्रण-सिद्धांताच्या वाटेने आलं होतं, तरी घन आणि द्रव दोन्ही न दबणारे धरले की ते मॉरिस बियो यांनी १९४१ मध्ये ओल्या मातीसाठी मांडलेल्या समीकरणांशी जुळतं; आणि बियो तर टर्झागींचंच काम पुढे नेत होते. गमतीचा भाग असा की बियोंनी तो शोधनिबंध न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात असताना लिहिला आणि मो यांनी कूर्चेच्या संशोधनाचं मोठं केंद्र पुढे त्याच विद्यापीठात उभारलं.

या समीकरणांतून निघणारी सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे वेळेचा अंदाज. जाडीचा वर्ग घ्यायचा आणि त्याला ताठपणा व झिरपक्षमता यांच्या गुणाकाराने भागायचं. कूर्चेची झिरपक्षमता विलक्षण कमी आहे, मीटर, न्यूटन आणि सेकंद यांच्या एककांत १० चा उणे १५ वा घात इतकी. ३ मिलीमीटर जाडीच्या थरासाठी हिशोब केला तर पाणी निथळून समतोल यायला तीन-चार तास लागतील असं उत्तर येतं. चालताना एका पावलाचा भार जेमतेम पाऊण सेकंद टिकतो. तेवढ्यात पाणी कुठे जाणार? कोंडलेलं पाणी दाबाला दाबाने उत्तर देतं आणि घन सांगाडा निवांत राहतो. पुढे कोलंबियातच गेरार्ड अतेशियान यांच्या प्रयोगशाळेत कूर्चेच्या तुकड्यातला पाण्याचा दाब थेट मोजला गेला. भार पडल्या पडल्या ९० टक्क्यांहून जास्त ओझं पाण्यावर असतं, हे त्यातून दिसलं. सांध्यातलं घर्षण इतकं कमी का आणि एकाच जागी फार वेळ भार राहिला की ते वाढत का जातं, याचाही उलगडा त्यातून होतो.

जिवंत माणसातही हे पाहता येतं. म्युनिकमध्ये फेलिक्स एक्श्टाइन यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांना उठाबशा काढायला लावल्या आणि लगेच एमआरआय यंत्रात घातलं. वाटीमागची कूर्चा सुमारे सहा टक्क्यांनी आक्रसली होती. ती पूर्ववत व्हायला दीड तासाहून अधिक वेळ लागला.

इथून संगणकात गुडघ्याचं मॉडेल करणाऱ्याची खरी कसोटी सुरू होते: काय घ्यायचं आणि काय सोडायचं? प्रश्न फक्त एका पावलाचा असेल, तर पाण्याचं वाहणं सरळ गाळून कूर्चेला ‘न दबणारा लवचिक पदार्थ’ मानलं तरी चालतं. उत्तर फारसं चुकत नाही आणि संगणकाचा वेळ कितीतरी वाचतो. प्रश्न दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाचा असेल, तर तीच सवलत घेतल्यावर उत्तराला काही अर्थ उरत नाही. तंतूंचंही तसंच. साध्या द्विप्रावस्था मॉडेलमध्ये कूर्चा सर्व दिशांना सारखीच वागते. बेनिंगहॉफ यांच्या कमानी त्यात कुठेच नाहीत. माँट्रियलमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस तंतूंचा वेगळा हिशोब मॉडेलमध्ये आला आणि २००४ मध्ये आइंडहोव्हनच्या गटाने त्या कमानीच समीकरणांत उतरवल्या. विद्युतभाराने येणारा फुगवटा मो यांच्या गटाने १९९१ मध्येच घन, द्रव आणि आयन असं तिहेरी रूप देऊन मांडला होता. एवढं सगळं एकाच गुडघ्यात कोंबता येतं, पण मग एक पाऊल सोडवायला तगडा संगणकही तासन्‌तास खातो आणि मध्येच गणित फिसकटण्याची शक्यता वाढते, ती वेगळीच.

पद्धतीचा सांगाडा मात्र सर्वत्र एकच आहे. एमआरआयच्या चित्रमालिकेतून हाडं, कूर्चा, मेनिस्कस (मांडी आणि नडगीच्या हाडांमधली चंद्रकोरीच्या आकाराची गादी) आणि अस्थिबंध यांच्या कडा आखायच्या, त्यांतून त्रिमितीय आकार घडवायचे, आकारांचे हजारो छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला गुणधर्म द्यायचे, वरून भार टाकायचा आणि सगळ्या तुकड्यांचा समतोल एकत्र सोडवायचा. विमानांच्या पंखांसाठी १९५० च्या दशकात घडलेली ही फायनाइट एलिमेंट पद्धत. यातलं कडा आखण्याचं काम सर्वांत कंटाळवाणं. कित्येक वर्षं ते संशोधक विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलं, चित्रामागून चित्र आणि माऊसने रेघ. आता ते बरंचसं न्यूरल नेटवर्क करतात. गुडघ्याच्या कूर्चेच्या बाबतीत एका पिक्सेलची चूकही किरकोळ नसते, कारण मुळात थराची जाडीच काही पिक्सेलांची असते. सॉफ्टवेअरची अडचण मात्र बरीच सुटली आहे. युटा विद्यापीठातले जेफ्री वाइस व स्टीव्ह मास आणि कोलंबियाचे अतेशियान यांनी घडवलेलं ‘फेबायो’ मोफत मिळतं आणि द्विप्रावस्था पदार्थ त्यात मुळापासून अंतर्भूत आहे. क्लीव्हलंड क्लिनिकच्या आहमेत एर्देमीर यांनी याहून पुढचं पाऊल टाकलं. ‘ओपन नी’ या प्रकल्पात त्यांनी देहदानातून मिळालेल्या गुडघ्याचं अख्खं मॉडेल, मूळ चित्रांसकट, कुणालाही वापरता येईल असं खुलं केलं. पहिला गुडघा एका सत्तर वर्षांच्या स्त्रीचा होता.

भार किती टाकायचा, हेही कुणीतरी मोजलेलं हवं. बर्लिनच्या शारिते रुग्णालयात गेऑर्ग बेर्गमान यांच्या गटाने गुडघेबदलाच्या शस्त्रक्रियेत संवेदक असलेले कृत्रिम सांधे बसवले आणि आतला भार बिनतारी संदेशाने बाहेर घेतला. पाच रुग्णांवरची त्यांची मोजमापं २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सरासरी २६१ टक्के इतका कमाल भार येतो, जिना चढताना ३१६ टक्के आणि उतरताना ३४६ टक्के. साठ किलोच्या माणसाच्या एका गुडघ्यावर जिना उतरताना दोनशे किलोहून जास्त. रायगडाच्या पायऱ्या चढताना छाती भरून येते आणि उतरताना गुडघे बोलू लागतात, हा अनुभव असणाऱ्यांना या आकड्यांचं नवल वाटू नये.

यातली विसंगती मात्र लक्षात ठेवावी अशी. गुडघ्याच्या आतला भार आपल्याला थेट ठाऊक आहे तो अशा गुडघ्यांचा, ज्यांची कूर्चा काढून तिथे धातू आणि प्लॅस्टिक बसवलं आहे. नैसर्गिक गुडघ्यात संवेदक घालता येत नाही. संदर्भाचे इतर आकडे स्नायूंच्या मॉडेलांतून येतात आणि ती मॉडेलं तपासली जातात पुन्हा याच कृत्रिम सांध्यांवर. त्यासाठी अमेरिकेत काही वर्षं एक स्पर्धाही चालली. संवेदक बसवलेल्या रुग्णाच्या चालण्याची सगळी माहिती स्पर्धकांना द्यायची, सांध्यातला भार तेवढा झाकून ठेवायचा. आधी भाकीत लिहून द्यायचं, मग पाकीट उघडायचं. संशोधनाच्या जगात असा परीक्षेचा उघडा निकाल फार कमी ठिकाणी लागतो.

आणि तरीही सर्वांत बोलका प्रयोग वेगळाच म्हणावा लागेल. एर्देमीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच संशोधक गटांना एकाच गुडघ्याची तीच चित्रं आणि तीच प्रयोगशाळेतली मोजमापं दिली. गट नवखे नव्हते: क्लीव्हलंडमधल्या दोन संस्था, न्यूयॉर्कचं हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी, डेन्व्हर विद्यापीठ आणि न्यूझीलंडमधलं ऑकलंड. प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या रीतीने मॉडेल करायचं होतं. अट एकच: काय करणार ते आधी लेखी द्यायचं आणि प्रत्यक्षात कुठे वेगळं केलं तेही नोंदवायचं. प्रकल्पाचा आराखडा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात संशोधकांनी ‘कला’ हा शब्द अवतरणचिन्हांत घातला आहे आणि तो उगाच नाही.

मॉडेलं सारखी निघाली नाहीत. कूर्चेची कड कुठे संपते, यावर एकाच चित्राकडे पाहून दोन जाणकारांत फरक पडला. मिळालेला आकार किती घासून गुळगुळीत करायचा, हाही ज्याचा त्याचा निर्णय. कुणाला अस्थिबंध म्हणजे काही स्प्रिंगा पुरेशा वाटतात, कुणाला त्यांचे भरीव त्रिमितीय पट्टे हवे असतात. कूर्चा कुठे लवचिक पदार्थ म्हणून येते, तर कुठे नुसता ‘इतका दबलास तर इतका दाब’ असा संपर्काचा नियम म्हणून. मेनिस्कसची टोकं हाडाला किती ताठपणे बांधलेली आहेत? गुडघा मोकळा असताना अस्थिबंधांत आधीच किती ताण असतो? हा ताण कुठल्याही एमआरआयमध्ये दिसत नाही. तो मागून, मोजमापांशी उत्तर जुळेपर्यंत पिळून पिळून ठरवावा लागतो आणि पिळण्याची पद्धतही प्रत्येकाची निराळी. यातला एकही निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. प्रत्येकामागे कारण आहे, बहुतेकांमागे छापील संदर्भही आहे. सगळे मिळून मात्र एकाच गुडघ्याला वेगवेगळं वागायला लावतात.

या निष्कर्षाकडे नाक मुरडून पाहणारे आहेत. पण मॉडेलवाल्यांनी स्वतःच आपली झाकली मूठ उघडली, हे या क्षेत्राच्या पक्वतेचं लक्षण मानायला हवं. अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संघटनेने २०१८ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या मॉडेलांसाठी जे मानक काढलं, त्याचाही सूर हाच आहे. मॉडेल बरोबर की चूक असं सरसकट विचारायचं नाही. त्याच्या उत्तरावर कोणता निर्णय अवलंबून आहे आणि तो चुकला तर रुग्णाचं काय होईल, हे पाहून तपासणी किती कडक करायची ते ठरवायचं.

तुलनेसाठी वापरलं की मॉडेल खूप काही देतं. मेनिस्कस फाटला की पूर्वी तो सरळ काढून टाकत. १९४८ मध्ये ब्रिटिश शल्यविशारद फेअरबँक यांनी अशा गुडघ्यांच्या क्ष-किरण चित्रांत पुढे होणारे बदल दाखवले, तरी प्रथा बराच काळ टिकली. संगणकात तोच गुडघा दोनदा चालवता येतो, एकदा मेनिस्कससह आणि एकदा काढून. भार तोच, पण टेकण्याची जागा आक्रसते आणि कूर्चेवरचा दाब चढतो. इथे मूळ गृहीतकं दोन्ही वेळा सारखीच असल्याने फरकावर बराच विश्वास ठेवता येतो. जिवंत माणसावर असा प्रयोग कोण करू देणार?

फिनलंडमधल्या क्वोपिओ शहरातल्या गटाने यातूनच भाकिताकडे वळण घेतलं. मिका मोनोनेन आणि रामी कोर्होनेन यांच्या २०१६ च्या कामात कल्पना अशी होती: चालताना कूर्चेच्या ज्या भागात ताण ठरावीक मर्यादा ओलांडतो, तिथले तंतू थोडे कमकुवत करायचे, मग पुन्हा चालवायचं, पुन्हा कमकुवत करायचे आणि झीज कशी पसरत जाते ते पाहायचं. पडताळ्यासाठी त्यांच्याकडे ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी प्रकल्पाची माहिती होती. त्यात ४५ ते ७९ वयाच्या ४,७९६ जणांचे गुडघे वर्षानुवर्षं एमआरआय आणि क्ष-किरणांनी टिपलेले आहेत. अतिस्थूल आणि सामान्य वजनाच्या गटांत मॉडेलने दाखवलेला झिजेचा फरक चार वर्षांच्या क्ष-किरण नोंदींशी जुळला. गटाच्या पातळीवर हे उत्साहवर्धक आहे. पण बाकावर बसलेल्या एखाद्या काकूंच्या उजव्या गुडघ्याचं पुढच्या दहा वर्षांत काय होईल, हे सांगणं त्याहून पुष्कळ अवघड.

मॉडेलांना धक्का देणारी गोष्ट २०१७ मध्ये डेलावेअर विद्यापीठातून आली. डेव्हिड बरिस यांच्या गटाने बाकदार कूर्चेचा तुकडा काचेवर दाबून ठेवला. अपेक्षेप्रमाणे पाणी पाझरलं, तुकडा बसत गेला, घर्षण वाढलं. मग, भार न काढता, त्यांनी काच चालण्याच्या वेगाने सरकवली. तुकडा पुन्हा फुगला आणि घर्षण उतरलं. भाराखाली असलेली कूर्चा नुसत्या घसरण्याने पाणी परत आत ओढून घेते, असं कुणी धरलं नव्हतं. बरिस यांचं स्पष्टीकरण असं की संपर्काच्या कडेला निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत द्रवाचा दाब वाढतो आणि तो पाण्याला कूर्चेत रेटतो. बहुतेक गुडघा-मॉडेलांमध्ये ही बाहेरची पाण्याची पातळ फिल्म नसतेच. दोन पृष्ठभाग टेकतात आणि घसरतात, मध्ये काही नाही. फिरतं राहिल्याने गुडघा बरा राहतो हा व्यवहारातला अनुभव संगणकात उतरवायचा, तर आतलं झिरपणं आणि बाहेरचं वाहणं एकत्र सोडवावं लागेल.

काय सोडलं याची किंमत आपल्याकडच्या बसण्याच्या सवयींत सर्वांत ठळक दिसते. भार मोजणाऱ्या बहुतेक नोंदी चालणं, जिना, खुर्चीतून उठणं यांच्या आहेत. उकिडवं बसताना गुडघा किती वाकतो, याचा आढावा सुझन मुलहॉलंड आणि उर्स वीस यांनी २००१ मध्ये घेतला: १११ ते १६५ अंश. शेतात खुरपणी, भांडी घासणं, भारतीय पद्धतीचा संडास, जमिनीवरची पंगत, हे सगळं त्या टप्प्यात किंवा त्याच्या आसपास येतं. खुर्चीवरच्या हालचालींसाठी जुळवलेलं मॉडेल तिथवर ताणलं, की स्नायूंचा जोर वाढत जातो आणि सांध्यावरचा भार भयंकर दिसू लागतो. पण पूर्ण उकिडवं बसल्यावर मांडी पोटरीवर टेकते आणि वजनाचा काही वाटा थेट तिथूनच खाली जातो. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या संशोधकांनी हा स्पर्श मोजला, मग २००९ मध्ये मॉडेलमध्ये घातला, तेव्हा खोल वाकलेल्या गुडघ्यावरचा भार लक्षणीय उतरला. तो स्पर्श गाळलेल्या मॉडेलवर विसंबून कुणी उकिडवं बसणं घातक ठरवलं, तर तो निकाल गुडघ्याचा नसेल. मांडी आणि पोटरी यांच्यामध्ये मोकळी हवा आहे असं मानणाऱ्या गणिताचा असेल.